जरा नंबर धरता का?

सकाळी साडेनऊ वाजता होयबा परीक्षा मंडळाच्या कचेरीत पोचला, तेव्हा खिडकी क्रमांक चारसमोर त्याच्या पुढे चारच माणसं उभी होती. दहाला खिडकी उघडेल, साडेदहाला आपण मोकळे, अकराला कामावर, असा हिशोब त्याने मांडला. हिशोब चोख होता. फक्त त्यात त्याने स्वतःचा स्वभाव धरला नव्हता.

होयबा हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देणाऱ्या एका छोट्या कारखान्यात तो अठरा वर्षं मागच्या खोलीत बसून दात बसवत होता, आणि हे नाव तिथल्याच मंडळींनी ठेवलं होतं. साहेबाची री ओढणाऱ्याला आपण होयबा म्हणतो, पण याचं 'हो' साहेबापुरतं नव्हतं. कुणीही काहीही मागितलं की तोंडून आधी 'हो' बाहेर पडायचं आणि विचार मागाहून धापा टाकत यायचा. बायकोने एकदा त्याला आरशासमोर उभं करून सराव करायला लावला होता. "नाही म्हणा," ती म्हणाली. "हो," तो म्हणाला. त्यानंतर तिने नाद सोडला.

आजचं काम मात्र कुणाला देऊन टाकण्यासारखं नव्हतं. त्याची त्रेसष्ट वर्षांची आई शालान्त परीक्षेला बाहेरून बसणार होती. सोळाव्या वर्षी सुटलेली शाळा तिने आठ महिन्यांपूर्वी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुन्हा सुरू केली होती, नातीची जुनी पुस्तकं घेऊन, नातीने समासात काढलेल्या मांजरांसकट. नात तिची चाचणी घ्यायची आणि तिने दोनदा आजीला नापासही केलं होतं. अर्ज भरायची आज शेवटची तारीख होती आणि खिडकी एकपर्यंतच उघडी असायची.

"हे बघ," अर्ज हातात देताना आई म्हणाली होती, "यंदा झालं तर झालं. पुढच्या वर्षी माझी हिंमत राहील असं मला वाटत नाही. मग पुस्तकं देऊन टाकू कुणाला तरी." ती हे रडून म्हणाली असती तर त्याने समजूत घातली असती. ती हे भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाली, आणि म्हणून त्याला ते लागलं.

रांगेत त्याच्या पुढे पार्सलं पोचवणारा एक तरुण होता. समोरच्या दाताचा टवका उडालेला. होयबा माणसं आधी दातांनी ओळखायचा आणि मग तोंडाने.

"दादा, जरा माझा नंबर धरता का?" तो म्हणाला. "खाली जाऊन झेरॉक्स काढून आणतो. पाच मिनिटं."

"हो."

तरुणाने आपलं हेल्मेट फरशीवर ठेवलं आणि तो जिन्याने पळाला. हे मागच्या बाईंनी पाहिलं. त्यांच्या हातात एक कुंडी होती, बहिणीच्या नव्या घरी न्यायची. त्यांना फोटो काढून आणायचे होते. "तुम्ही त्यांचं बघताच आहात," त्या म्हणाल्या, "मग ही पण बघा. तिला ऊन लागू देऊ नका हं." कुंडी हेल्मेटच्या पंगतीला बसली.

त्यांच्या मागे एक काका होते. बोलताना त्यांची खालची कवळी टक टक वाजत होती. एक मिलिमीटर सैल आहे, होयबाने मनात निदान केलं. काका या कचेरीत जन्मतारीख दुरुस्त करून घ्यायला गेली अकरा वर्षं येत होते, त्यामुळे अनुभवी होते. बाहेर कोरडं ठणठणीत असताना त्यांच्या हातात छत्री होती, कारण ती पावसासाठी नव्हतीच. "नंबर धरायला छत्रीसारखी वस्तू नाही," असं म्हणून त्यांनी ती आडवी टाकली आणि प्रसाधनगृह शोधत निघून गेले. मग रात्रपाळी करून थेट आलेली एक नर्स आली. तिने पाण्याची बाटली रांगेत उभी केली आणि ती भिंतीजवळच्या बाकावर जाऊन बसली. "माझा नंबर आला की उठवा," एवढं म्हणेपर्यंत तिचे डोळे मिटलेसुद्धा.

पावणेअकराला परिस्थिती अशी होती की खिडकी चारच्या रांगेत पुढच्या तिघांमागे एक माणूस आणि आठ वस्तू होत्या. रांग एक फरशी पुढे सरकली की होयबा हेल्मेट उचलायचा, बाटली सरकवायचा, कुंडी सावलीच्या बाजूने फिरवायचा आणि छत्री पायाने ढकलायचा. मग दोन पिशव्या, एक उशी आणि कुणाची तरी गुंडाळलेली सतरंजी. हे सगळं तो इतक्या निगुतीने करत होता की नव्याने येणारे लोक त्याला मंडळाचाच माणूस समजू लागले. एकाने तर त्याला विचारलं, "वस्तू इथेच जमा करायच्या का?"

अखेर कचेरीचा वॉचमन आला. "या बेवारस वस्तू कुणाच्या?"

"बेवारस कसल्या हो," होयबा म्हणाला. "माणसं आहेत ती."

"कुठे आहेत?"

"एक झेरॉक्सला, एक फोटोला, एक आत आहेत, आणि त्या तिथे झोपल्यात."

वॉचमनने एकेक वस्तूकडे बोट दाखवून मालकाची चौकशी केली. होयबाने न चुकता सगळी माहिती सांगितली, कुणाचं काय काम अडलंय तेही. वॉचमन विचारात पडला. मग इकडेतिकडे बघत आवाज खाली आणून म्हणाला, "माझ्या पोरीच्या गुणपत्रिकेत नाव चुकलंय. सहा महिने झाले. ड्यूटीवर असताना मला रांगेत उभं राहता येत नाही." त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि सतरंजीमागे ठेवली.

"हो," होयबा म्हणाला.

खिडकीतल्या बाईंबद्दल कचेरीत बरंच बोललं जायचं. त्या नियमाच्या पक्क्या होत्या, हळू बोलायच्या आणि हसायच्या नाहीत. त्यांचे दात आजवर कुणी पाहिले नव्हते. पुढची तीन माणसं आटोपल्यावर त्या म्हणाल्या, "पुढचा," आणि समोर हेल्मेट आलं.

"हे काय आहे?"

"हेल्मेट," होयबा म्हणाला.

"ते दिसतंय मला. याचं काम काय?"

"प्रमाणपत्राची दुसरी प्रत."

"हेल्मेटला मी प्रत देत नाही," बाई म्हणाल्या. "हे बघा, नियम साधा आहे. एक वाजता रांगेत जी माणसं असतील, त्या सगळ्यांचं काम मी करून देते, मग दोन वाजोत. पण रांगेत माणूस लागतो. वस्तूला मी मोजत नाही. एक वाजता रांगेत माणूस दिसला नाही की पडदा खाली."

होयबा खाली पळाला आणि झेरॉक्सच्या दुकानातून तरुणाला घेऊन आला. मग नर्सला उठवलं. मग प्रसाधनगृहाचं दार वाजवलं. येणारा प्रत्येक जण घाईत होता. "दादा, पार्सल पोचवायचंय, मी आधी जाऊ?" हो. "मला दुपारी परत ड्यूटी आहे, मी आधी जाऊ का?" हो. कुंडीच्या बाई काही बोलल्याच नाहीत, नुसतं कुंडीकडे बघून उसासा टाकला, तर त्यालाही हा हो म्हणाला. वॉचमनची टोपी तर त्याने स्वतःच पुढे सरकवली. अशा रीतीने साडेनऊला पाचवा असलेला माणूस बारा वाजता शेवटचा झाला. बाकी नऊ जण बाकावर ओळीने बसले, कारण कागदांवर आतल्या साहेबांचा शिक्का होऊन ते दीड वाजता मिळणार होते.

बारा वाजून पाच मिनिटांनी होयबाने अर्ज खिडकीतून आत सरकवला. बाईंनी तो पहिल्या रकान्यापासून वाचत आणला आणि फोटोपाशी त्यांचं बोट थांबलं.

"सही?"

"आहे ना, खाली."

"खालची आहे. फोटोवरची नाही. अर्धी फोटोवर, अर्धी कागदावर, परीक्षार्थीच्या स्वतःच्या हाताची. सूचना क्रमांक नऊ."

होयबाने सूचना एक ते चार वाचल्या होत्या. पुढच्या फार बारीक अक्षरात होत्या. "मी केली तर चालेल का?" त्याने विचारलं.

"तुम्ही परीक्षेला बसणार आहात का?"

या प्रश्नालाही त्याच्या तोंडून 'हो' निघणार होतं, ते त्याने महत्प्रयासाने गिळलं. बाईंनी अर्ज परत दिला. "एकपर्यंत आहे मी," त्या म्हणाल्या, आणि ते त्यांनी वाईट वाटून म्हटलं की नुसतं म्हटलं, हे त्यांच्या मिटलेल्या ओठांवरून कळायला मार्ग नव्हता.

त्याने आईला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. बाकावरचे नऊच्या नऊ जण त्याच्याकडे बघत होते. घर बसने पंचवीस मिनिटांवर, येणं-जाणं धरून तास तरी हवा, आणि हातात होती पन्नास मिनिटं. हे गणित नातीने घातलं असतं तर आजीने उत्तरात 'अशक्य' लिहिलं असतं आणि पूर्ण गुण मिळवले असते.

"आईची सही राहिली," तो बाकाकडे बघून उगाचच म्हणाला. "आणतो." आणि जिन्याकडे पळाला. त्याचा स्वतःचा जेवणाचा डबा खिडकीच्या कट्ट्यावरच राहिला.

बस लगेच मिळाली, आणि त्याला वाटलं, दैव आपल्या बाजूचं आहे. स्टॉपवर उतरून तो धावत तीन जिने चढला, तर दाराला कुलूप. त्याने पुन्हा फोन लावला. आत फोन वाजू लागला. कुलपाबाहेर उभं राहून तो स्वतःच लावलेला फोन ऐकत राहिला, एवढंच त्याच्या बुद्धीला त्या क्षणी जमत होतं.

समोरच्या दारातून शेजारणीने डोकावलं. "आई? त्या पावणेबारालाच बाहेर पडल्या. घाईत होत्या."

"कुठे गेल्या?"

"बोलल्या नाहीत. पर्समध्ये पेन आहे का, ते दोनदा बघितलं, आणि गेल्या."

पेन घेऊन माणूस कुठे जातो, यावर होयबाने डोकं चालवून पाहिलं, पण डोकं जागेवर नव्हतं. वाचनालय बंद होतं. नात कॉलेजात होती. घड्याळात बारा चाळीस झाले होते. सगळं संपलं होतं, हे त्याला समजत होतं, तरी त्याचे पाय खाली उतरले आणि परतीच्या बसमध्ये चढले. आता एकच उपाय उरला होता. खिडकीतल्या बाईंना विनवणी करायची. आयुष्यभर दुसऱ्यांना हो म्हणत आलेल्या या माणसाने स्वतःसाठी कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं, त्यामुळे त्याला ते येत नव्हतं. बसमध्ये तो पुटपुटत सराव करू लागला.

"बाई, मी तुमच्या पाया पडतो, माझ्या म्हाताऱ्या आईचा..."

"पाया नका पडू," शेजारच्या सीटवरचा गृहस्थ म्हणाला. त्याच्या मांडीवर रंगाचे डबे होते आणि दोन्ही हात पांढरे झाले होते. "पाया पडलं की माणसं घाबरतात. सरळ सांगा. काय झालंय?"

होयबाने सांगितलं. रंगारी मन लावून ऐकत होता. "म्हातारी म्हणू नका," तो म्हणाला. "परीक्षेला बसतेय ना? मग म्हातारी कशी? आणि आधी चूक कबूल करा. चूक कबूल केलेल्या माणसाला हाकलणं जड जातं." पुढच्या सीटवरच्या बाई मागे वळल्या आणि म्हणाल्या की आवाज जरा खालचा ठेवा, पण ततपप करू नका. बस कचेरीच्या थांब्यावर आली तोवर भाषण चार वेळा दुरुस्त होऊन बरंच सुबक झालं होतं. रंगाऱ्याने उठून त्याला वाट करून दिली आणि त्याच्या बाहीवर एक पांढरा पंजा उमटवला. "होईल," तो म्हणाला.

एक वाजून वीस मिनिटं झाली होती. होयबा बाजूच्या दाराने दालनात शिरला. पडदा खाली असणार हे धरूनच तो चालला होता, म्हणून पडदा वर दिसला तेव्हा त्याने आधी डोळे चोळले. खिडकी उघडी होती आणि समोर रांग होती. खिडकीपासून निघून खांबाला वळसा घालून पलीकडे गेलेली, माणसांची रांग. सगळ्यात पुढे हेल्मेटवाला होता.

"म्हणजे मॅडम," तो विचारत होता, "प्रमाणपत्र मिळालं, की ते घडी घालून ठेवायचं का गुंडाळून?"

"घडी घातली तर चालते," बाई म्हणाल्या. "गुंडाळलं तरी चालतं."

"यातलं चांगलं कोणतं?"

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि जरा विचार केला. "कागदावर अवलंबून आहे," त्या सावकाश म्हणाल्या.

त्याच्या मागे नर्स होती, मग छत्रीवाले काका, मग कुंडीच्या बाई कुंडीसकट. या सगळ्यांची कामं आपल्या डोळ्यांदेखत झाली होती. तरी हे पुन्हा रांगेत का, हे होयबाला कळेना. आपला नंबर आता यांच्याही मागे, एवढंच त्याच्या ध्यानात आलं, आणि सवयीने तो शेवट शोधायला निघाला.

"आले, आले," काका म्हणाले आणि कवळी टक्कन वाजली. "कुठे निघालात? पुढे या."

कुंडीच्या बाईंनी त्याला दंडाला धरून थांबवलं आणि कुजबुजत हकीकत सांगितली. पाऊण वाजला तरी तो आला नाही, तेव्हा नर्स बाकावरून उठून रांगेत जाऊन उभी राहिली. रांगेत माणूस लागतो ना, ती म्हणाली, मग मी आहे माणूस. तिच्यामागे एकेक करून सगळेच उठले. एक वाजता खिडकीतल्या बाईंनी पडद्याच्या दोरीला हात घातला, मान बाहेर काढून रांग मोजली आणि दोरी सोडून दिली. तेव्हापासून आपसांत जागा बदलत प्रत्येक जण सुचतील तेवढे प्रश्न विचारत होता. काकांनी तर आपल्या जन्मतारखेचा अकरा वर्षांचा इतिहास सुरुवातीपासून सांगितला होता आणि ते दोघांना पुढे सोडून दुसऱ्या भागासाठी उभे होते.

"तुम्ही सकाळी आमचे नंबर धरलेत," हेल्मेटवाला म्हणाला. "आणा ती सही."

होयबाने रांगेवरून नजर फिरवली. नऊ अनोळखी माणसं बाकावर बसायचं सोडून आपल्यासाठी उभी आहेत, आणि आपण रिकाम्या हाताने आलोय. बसमधलं सुबक भाषण पार विसरून तो म्हणाला, "नाही मिळाली. आई घरी नव्हती."

तो आयुष्यात पहिल्यांदा 'नाही' म्हणाला होता, पण त्याचं कौतुक करायला तिथे त्याची बायको नव्हती. रांगेतून एक मोठा सुस्कारा निघाला. नर्स खाली बघू लागली. काकांनी कवळी घट्ट मिटली. वीस मिनिटं शर्थीने लढवलेला किल्ला असा रिकामाच निघाला.

तेवढ्यात खांबापलीकडून आवाज आला, "अहो, आता तरी सरकणार आहे का रांग? घडी घालू की गुंडाळू, हे काय विचारायला येतात होय इथे? इतकी मोठी मोठी माणसं, आणि प्रश्न बघा."

"एक बाई आहेत शेवटी," कुंडीच्या बाई कुजबुजल्या. "एकला पाच कमी असताना आल्यात. तेव्हापासून आम्हाला रागावताहेत. त्या तेवढ्या आपल्यातल्या नाहीत."

होयबा खांबाला वळसा घालून पलीकडे गेला. रांगेच्या अगदी शेवटी, टोपी हातात धरून उभ्या असलेल्या वॉचमनच्या मागे, पर्स छातीशी धरून त्याची आई उभी होती.

"अरे, कुठे होतास तू?" ती म्हणाली.

"मी घरी गेलो होतो. तू इथे काय करतेस?"

"सही राहिली होती ना फोटोवरची. सूचना नऊ. तू गेल्यावर मी सूचनांचा कागद पुन्हा वाचून काढला सगळा. निघाले तर चुकीच्या बसमध्ये चढले, भलतीकडेच उतरले, शेवटी एका मुलीने आपलं काम सोडून मला इथपर्यंत आणून पोचवलं. आल्या आल्या यांना विचारलं, माझा मुलगा आला होता का? हे म्हणाले, आलाच नाही."

सगळ्यांनी वॉचमनकडे पाहिलं. तो गांगरला. "मावशी, तुम्ही काय वर्णन केलंत? तरतरीत आहे, चटपटीत आहे, कुणाला मध्ये घुसू देत नाही, असं म्हणालात. असा इथे सकाळपासून कुणीसुद्धा आला नाही. मी शपथेवर सांगतो."

आईने एकदा मुलाकडे पाहिलं, त्याच्या बाहीवरच्या पांढऱ्या पंजाकडे पाहिलं, आणि आपण केलेल्या वर्णनातला एकही शब्द मागे घेतला नाही.

होयबा तिचा हात धरून खिडकीकडे आला. एकनंतर हे चालेल का, अशी त्याला शंका आली. "मॅडम," तो म्हणाला, "चूक माझीच आहे. एक वाजता मी रांगेत नव्हतो."

"नव्हतात," बाई म्हणाल्या. "तुमचं काम आता होणार नाही."

होयबाने अर्जाची घडी घालायला घेतली.

"पण परीक्षार्थी होत्या," बाई पुढे म्हणाल्या. "एकला पाच कमी असताना आल्या, मी पाहिलंय. त्यांच्या पुढच्या नऊ जणांचं झालं की त्यांचा नंबर." आणि त्यांनी पेन उचललं. "बोला, कुणाचं काय काम आहे?"

नऊ जणांनी एकमेकांकडे पाहिलं. "माझं काही नाही," हेल्मेटवाला म्हणाला. "माझंही नाही," नर्स म्हणाली. काकांना आपल्या इतिहासाचा दुसरा भाग सोडणं जरा जिवावर आलं, पण तेही बाजूला झाले. बघता बघता रांग विरून गेली आणि खिडकीसमोर आई एकटी उभी राहिली.

"काम नव्हतं, मग उभी कशाला होतात इतका वेळ?" आईने दरडावून विचारलं. नऊ जणांनी होयबाकडे पाहिलं. ती मुलाच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, मग त्या नऊ चेहऱ्यांकडे, आणि तिचा राग कुठल्या कुठे गेला. "अगं बाई," ती हळूच म्हणाली. "आणि मी तुम्हाला काय काय बोलले."

"बोललात ते बरं झालं," कुंडीच्या बाई म्हणाल्या. "तुम्ही बोलत होतात म्हणून रांग खरी वाटत होती."

होयबाने अर्ज कट्ट्यावर ठेवला. आईने पर्समधून पेन काढलं, टोपण उघडलं आणि फोटोवर वाकली. नऊ जण तिच्या खांद्यावरून वाकले. सही अर्धी फोटोवर आणि अर्धी कागदावर अशी बेतशीर उमटेपर्यंत कुणी श्वास घेतला नाही. बाईंनी अर्ज आत ओढला, वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला आणि शेवटच्या पानावर त्यांचं बोट पुन्हा थांबलं. 

"हा रकाना कोरा आहे. शिक्षणात खंड पडल्याचं कारण. सत्तेचाळीस वर्षांचा खंड आहे. काहीतरी लिहावं लागेल."

"घरगुती अडचण लिही," होयबा घाईने म्हणाला. "सगळे तेच लिहितात."

आईने पेन टेकवलं आणि उचललं. तिच्या पाठचा एक भाऊ आणि दोन बहिणी होत्या, त्यांच्या शाळा आधी व्हायच्या होत्या. मग सासूचं आजारपण, मग हा मुलगा, मग नात. यातलं काहीच तिला अडचण म्हणून आठवत नव्हतं. सगळी आपलीच माणसं होती आणि तिने त्यांना एकेक करून पुढे जाऊ दिलं होतं. होयबा बाजूला उभा राहून तिच्याकडे बघत होता, आणि आपला स्वभाव कुणावर गेलाय हे त्याला एकेचाळिसाव्या वर्षी खिडकी क्रमांक चारसमोर समजलं.

आईने वाकून सावकाश, नातीने शिकवलेल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि कागद आत सरकवला. बाईंनी वाचलं. रकान्यात तीनच शब्द होते: 'नंबर आत्ता लागला.'

हे कारण नियमात बसतं की नाही, याचा विचार करत बाईंनी ते पुन्हा वाचलं. मग त्यांनी शिक्का उचलून अर्जावर मारला, पोच फाडून आईच्या हातात दिली, आणि हसल्या. होयबाने पाहिलं, वरचे दोन दात जरासे पुढे होते, पण रांगेत होते.